बँकेच्या ताळेबंदात ‘घेतलेली कर्जे’ अचानक दिसली, तर काय समजायचं?

निपाणी_सभासद

नमस्कार मंडळी. निपाणी भागातल्या एका अर्बन बँकेचा सभासद आणि ठेवीदार आहे. नाव देत नाही, उगाच बोभाटा नको. यंदाचा वार्षिक अहवाल हातात आलाय. आकडे ढोबळ करून देतो, कंसात गेल्या वर्षीचे:

ठेवी ३८० कोटी (३७२)
दिलेली कर्जे २९० कोटी (२६२)
सरकारी रोखे ७१ कोटी (७३)
इतर बँकांतल्या मुदत ठेवी ३४ कोटी (३८)
कॉल व अल्प सूचनेने परत मिळणारी रक्कम शून्य (५)
घेतलेली कर्जे ९ कोटी (शून्य)

नफा थोडा वाढलाय, निव्वळ एनपीए (तरतूद वजा जाता थकीत कर्जं) २.९ टक्के. बँका एकमेकींकडून एक-दोन दिवसांसाठी पैसे उचलतात हे ऐकून आहे. मग हे ९ कोटी तसलेच का? ३८० कोटींच्या मानाने रक्कम किरकोळ वाटते, पण गेल्या वर्षी शून्य होती. आणि स्वतःचेच ३४ कोटी दुसऱ्या बँकांत पडून असताना कर्ज कशाला काढायचं? अहवाल कन्नडमध्ये आहे, मराठी प्रती संपल्या म्हणतात, त्यामुळे टिपांमध्ये काय लिहिलंय ते नीटसं कळलेलं नाही.

ताळेबंद_वाचक

भाषेची अडचण फारशी येऊ नये. सहकारी बँकांचा ताळेबंद ठरावीक नमुन्यात असतो आणि अनुक्रमांक सगळीकडे तेच. डावीकडे ५ क्रमांकाला घेतलेली कर्जे. त्यात आधी रिझर्व्ह बँक, राज्य सहकारी बँक आणि जिल्हा मध्यवर्ती यांच्याकडून घेतलेलं, मग स्टेट बँक, मग राज्य सरकार, शेवटी ‘इतर’. पहिल्या गटाची अल्प, मध्यम, दीर्घ अशी फोडही असते. अल्प मुदतीखाली ‘सरकारी रोख्यांच्या तारणावर’ आणि ‘इतर तारणावर’ अशा दोन ओळी येतात. ९ कोटी यापैकी कुठल्या ओळीत आहेत ते आधी बघा. एकूण आकड्यापेक्षा ही ओळ जास्त बोलते.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनही बरंच कळतं. कॉल म्हणजे एका रात्रीचं, नोटीस म्हणजे २ ते १४ दिवसांचं, दोन्ही विनातारण. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनुसार सहकारी बँकेला या बाजारातून उचल करता येते ती मागच्या मार्चअखेरच्या एकूण ठेवींच्या २ टक्क्यांपर्यंतच. तुमच्या बँकेसाठी ३७२ कोटींचे २ टक्के म्हणजे ७.४४ कोटी. कर्ज आहे ९ कोटी. म्हणजे हे सगळं कॉलचं असूच शकत नाही.

दुसरी वाट ट्रेप्सची, म्हणजे सरकारी रोखे तारण ठेवून क्लिअरिंग कॉर्पोरेशनमार्फत घेतलेले पैसे. त्याला ही २ टक्क्यांची मर्यादा नाही, पण मोकळे रोखे हवेत. एसएलआर, म्हणजे ठेवींच्या मानाने रोखे वगैरे रूपात बाळगावाच लागणारा हिस्सा, १८ टक्के. ३८० कोटींवर ते होतात ६८.४ कोटी आणि बँकेकडे रोखे ७१ कोटींचे. अडीच-पावणेतीन कोटींपेक्षा जास्त रोखे तारणाला मोकळे नाहीत. सीआरआरपेक्षा (सक्तीने राखून ठेवायची रोख) जास्तीची रोखही एसएलआरमध्ये धरतात, शिवाय हिशेब ३१ मार्चच्या ठेवींवर नसून त्याआधीच्या पंधरवड्याच्या देण्यांवर असतो. तेव्हा थोडं इकडे-तिकडे होईल, पण ९ कोटी तारणाला निघतील इतकं नाही.

राहिली तिसरी वाट: स्वतःच्याच मुदत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट. माझा अंदाज, बहुतेक रक्कम हीच. ३४ कोटी असून कर्ज का, याचं निम्मं उत्तर इथंच मिळतं. त्या ३४ मधले किमान १० कोटी या ओव्हरड्राफ्टला बांधलेले असणार, कारण ठेवीच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंतच उचल देतात.

आता मुख्य मुद्दा. दिलेली कर्जे २८ कोटींनी वाढली आणि ठेवी फक्त ८ कोटींनी. मधले २० कोटी आले कुठून? कॉलमध्ये दिलेले ५ परत आणले, मुदत ठेवी ४ ने कमी केल्या, रोखे २ ने कमी केले, ९ उसने घेतले. झाले २०. म्हणजे तात्पुरत्या पैशावर दोन-चार वर्षांची कर्जं उभी आहेत. सीडी रेशो, म्हणजे ठेवींच्या मानाने दिलेली कर्जे, ७० टक्क्यांवरून ७६ वर गेलाय. ७६ हा आकडा वाईट नाही. ज्या वाटेने तो तिथं पोचला, ती वाट बघण्यासारखी आहे.

माजी_ट्रेझरी

वरचं गणित बरोबर आहे. एक भर घालतो, कारण लोक उलटं धरून चालतात.

आपल्याकडच्या कॉल बाजारात सहकारी बँका प्रामुख्याने पैसे देणाऱ्या असतात, घेणाऱ्या नव्हेत. त्यांच्याकडे ठेवी जास्त आणि गुंतवायच्या वाटा कमी. म्हणून खाजगी बँकेने रोज कॉलमध्ये उचल केली तर ती तिची कामाची पद्धत. अर्बन बँक देणाऱ्याची घेणारी झाली, तर कारण शोधायचं. गेल्या वर्षी ५ कोटी दिलेले आणि यंदा ९ घेतलेले, हा चौदा कोटींचा पालट आहे. नुसत्या ९ कडे बघू नका.

२ टक्क्यांची मर्यादाही उगाच आलेली नाही. २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक बसली, तेव्हा तिच्यात इतर अर्बन बँकांचे मोठे पैसे अडकले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांच्या कॉल उचलीवर हा लगाम घातला. एका बँकेने दुसऱ्या बँकेत ठेवलेल्या ठेवीला विमा नाही. पाच लाखांचं संरक्षण तुम्हा-आम्हाला आहे, बँकेला नाही. म्हणून ते ३४ कोटी कुठकुठल्या बँकांत आहेत, हेही विचारा. एका बँकेत आपल्या एकूण ठेवींच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि सगळ्या बँकांत मिळून २० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. तुमच्या बँकेसाठी या मर्यादा १८.६ कोटी आणि ७४.४ कोटी.

घाईच्या वेळी शहाणी बँक कुठल्या क्रमाने पैसे उभे करते ते सांगतो. आधी चालू खात्यातली शिल्लक, मग कॉलमध्ये दिलेले पैसे परत, मग जादा रोख्यांवर ट्रेप्स, मग मुदत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट आणि अगदी शेवटी विनातारण कॉल किंवा तोट्यात रोखेविक्री. ट्रेप्स सहसा कॉलपेक्षा थोडं स्वस्त पडतं. म्हणून एखादी बँक ट्रेप्स सोडून खालच्या पायऱ्यांवर उतरली, तर बहुधा वरच्या पायऱ्या तिने आधीच वापरल्यात.

रिझर्व्ह बँकेची थेट खिडकी, म्हणजे तिच्याकडून रोख्यांवर अल्पकाळ पैसे मिळायच्या रेपो आणि एमएसएफ या सोयी, सीबीएस (सगळ्या शाखा जोडणारी संगणक प्रणाली) असलेल्या आणि भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या मानाने भांडवल) किमान ९ टक्के असलेल्या शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँक कायद्याच्या यादीतल्या) अर्बन बँकांसाठी आहे. आपल्या भागातल्या बिगर-शेड्यूल्ड बँकांना ती वाट नाही, त्यामुळे त्यांची शिडी मुळातच आखूड.

निपाणी_सभासद

दोघांचेही आभार. ओळ सापडली: ‘इतर’खाली, तारण ‘मुदत ठेव’. म्हणजे ताळेबंद_वाचक सरांचा अंदाज बरोबर निघाला. टिपांमधून आणखी तीन गोष्टी काढल्या. घेतलेल्या कर्जांवरचं व्याज ५१ लाख. सगळ्यात मोठ्या वीस ठेवीदारांच्या ठेवी एकूण ठेवींच्या १४ टक्के. आणि मुदतींच्या तक्त्यात ९ च्या ९ कोटी ‘१ दिवस’ या पहिल्याच रकान्यात.

ओव्हरड्राफ्टला व्याज ठेवीपेक्षा जास्त पडतं ना? मग ठेवच का मोडत नाहीत?

ताळेबंद_वाचक

५१ लाख ही तुम्ही काढलेली सगळ्यात कामाची गोष्ट. ३१ मार्चचा आकडा एका दिवसाचा. व्याज वर्षभराचं.

समजा ठेव ७.२५ टक्क्यांची आहे आणि ओव्हरड्राफ्ट पाऊण टक्का वर, म्हणजे ८ टक्के. ५१ लाखांना ०.०८ ने भागा: साधारण ६.४ कोटी. म्हणजे वर्षातला प्रत्येक दिवस धरून सरासरी सहा कोटींच्या वर उचल चालू होती. मार्चअखेरची ओढाताण म्हणून हे सोडून देता येत नाही. उलटंही घडतं: काही बँका मार्चअखेर कर्ज फेडून शून्य दाखवतात आणि ३ एप्रिलला परत उचलतात. ताळेबंद स्वच्छ, पण व्याजाची रक्कम लपत नाही. नफा-तोटा पत्रकाच्या मुख्य नमुन्यात ठेवींवरचं आणि कर्जांवरचं व्याज एकाच ओळीत येतं, म्हणून परिशिष्टातली फोड बघावी लागते. तुम्ही ती बघितलीत.

ठेव का मोडत नाहीत, याचा हिशेब एक कोटीवर मांडू. सात दिवसांची गरज आहे. ओव्हरड्राफ्ट घेतला तर निव्वळ पाऊण टक्क्याचा भुर्दंड: एक कोटी × ०.७५ टक्के × ७/३६५, साधारण १,४४० रुपये. तीच वर्षाची ठेव नऊ महिन्यांनी मोडली आणि नऊ महिन्यांचा दर ६.५ असून त्यातून १ टक्का दंड कापला, तर हाती येतात ५.५ टक्के. पावणेदोन टक्क्यांचा तोटा, नऊ महिन्यांवर १,३१,२५० रुपये. सात दिवसांसाठी ओव्हरड्राफ्टच शहाणपणाचा, त्यात शंका नाही.

पण वर्षभर सहा कोटी चालू असतील तर हे समर्थन टिकत नाही. वर्षात त्यातल्या किती तरी ठेवींची मुदत आपोआप संपली असणार. तेव्हा पैसे घेऊन ओव्हरड्राफ्ट मिटवता आला असता. तसं न करता ठेव नव्याने ठेवून उचल चालूच ठेवली असेल, तर दोन शक्यता. एक, इतर बँकांतल्या ठेवींचा आणि एकूण ताळेबंदाचा आकडा फुगलेला दिसावा म्हणून. दोन, ती ठेव आणखी कशाला तरी बांधलेली आहे.

शहापूर_पेठ

त्या दुसऱ्या शक्यतेबद्दल सांगतो, कारण ती इथल्या लहान बँकांत सर्रास आहे आणि त्यात लबाडी काही नाही.

लहान अर्बन बँक एनईएफटी, आरटीजीएस, युपीआय, एटीएम या सगळ्यासाठी बहुधा एखाद्या मोठ्या बँकेची उप-सदस्य असते. प्रायोजक बँकेत तिचं एक पूल खातं असतं. तुम्ही पाठवलेला प्रत्येक रुपया आधी त्या खात्यातून जातो. तिथं शिल्लक कमी पडली की जाणारे व्यवहार अडकतात किंवा परत येतात. म्हणून प्रायोजक बँक तारण म्हणून मुदत ठेव मागते आणि तिच्यावर दिवसाची मर्यादा देते. समजा ५-६ कोटी त्यात गेले आणि १० ओव्हरड्राफ्टला. ३४ मधले खरे मोकळे १८ राहिले. अहवालात मात्र दिसतात ३४.

युपीआय आल्यापासून हे जास्त जाणवायलंय. पूर्वी सुट्टीच्या दिवशी पैसा फारसा हलत नव्हता. आता सलग तीन सुट्ट्या आल्या की चेकचं क्लिअरिंग बंद, मोठ्या पार्टीचे पैसे यायचे ते सुट्टी संपल्यावर, आणि लोक मात्र युपीआयने काढतच असतात. शुक्रवारी संध्याकाळी अंदाज चुकला तर पूल खातं भरायला ओव्हरड्राफ्ट हीच हाताशी वाट. बँकेची तब्येत ठणठणीत असली तरी एक-दोन दिवसांची अशी उचल होतेच. ती सोमवारी-मंगळवारी मिटते का, एवढंच बघायचं. सरासरी सहा कोटी सांगते की मिटत नव्हती.

ऊस_पट्टा

मी महिन्यांकडे बघा म्हणेन. आपल्याकडे पैशाला हंगाम आहे.

कारखान्यांची धुरांडी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पेटतात. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे एफआरपी (उसाचा ठरलेला किमान दर) १४ दिवसांत द्यायची. प्रत्यक्षात पुढे-मागे होतं, पण डिसेंबर ते मार्च चिक्कोडी, अथणी, निपाणी, खानापूर या बाजूला बिलं खात्यावर पडतात. कर्जं भरली जातात, ठेवी वाढतात. जूनला बी-खतं, शाळेच्या फिया, मग गणपती. या काळात पैसा बाहेर जातो. पतसंस्था आणि सौहार्द संस्था (कर्नाटकातल्या पतसंस्थांसारख्या सहकारी संस्था) आपला शिलकी पैसा अर्बन बँकेत ठेवतात, त्याही नेमक्या याच दिवसांत आणि दिवाळीआधी काढून नेतात.

तेव्हा ऑगस्टमध्ये बँक उसनवारीवर असेल तर मी त्याला आजार म्हणणार नाही. फेब्रुवारीत, ऊसबिलं जमा व्हायच्या दिवसांत उचल चालू असेल तर मात्र कान टवकारा. त्याचे अर्थ दोनच. एक तर कारखान्यांनी बिलं थकवलीत आणि बँकेची वसुलीही थकलीय. नाहीतर आलेला पैसा जुनी भोकं बुजवण्यातच जायलाय.

ते १४ टक्के पण बघा. ३८० वर म्हणजे साधारण ५३ कोटी, फक्त वीस जणांचे. त्यात संस्था किती ते विचारा. दोन संस्थांनी एकाच आठवड्यात पाच-पाच कोटी मागितले, तर ओव्हरड्राफ्ट काढूनच द्यावे लागणार की.

कुतूहल_खानापूर

जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या आणि ग्रामीण बँकेच्या ताळेबंदात तर घेतलेली कर्जे याहून कितीतरी मोठी दिसतात. मग त्या धोक्यात धरायच्या का?

माजी_ट्रेझरी

नाही, तिथं ही कसोटी तशीच्या तशी लावू नका. मध्यवर्ती बँक पीककर्ज देते आणि त्यासाठी राज्य शिखर बँकेमार्फत नाबार्डचं पुनर्वित्त, म्हणजे वाटलेल्या कर्जापोटी मिळणारं कर्ज, उचलते. ही उचल तिच्या कामाचाच भाग. तिथं बघायचं ते वेगळं: पुनर्वित्त फेडायची तारीख आणि सोसायट्यांकडून वसूल व्हायची तारीख जुळते का. आणि बिनव्याजी पीककर्जाच्या व्याजापोटी सरकारकडून यायची रक्कम किती दिवस ‘येणे’ म्हणून पडून आहे. ती थकली की बँक आपल्या पैशाने भरून काढते.

ग्रामीण बँकेचं तसंच: नाबार्ड आणि प्रायोजक बँक. ग्रामीण बँकांना कॉल बाजार आणि रिझर्व्ह बँकेची खिडकी डिसेंबर २०२० च्या निर्णयाने खुली झाली. कर्नाटकातल्या दोन ग्रामीण बँका १ मे २०२५ पासून एक झाल्यात, त्यामुळे जुन्या आकड्यांशी तुलना करताना दोन्हींची बेरीज घ्या.

सौहार्द संस्थेला तर यातलं काहीच लागू नाही. ती १९९७ च्या कर्नाटक कायद्याखालची सहकारी संस्था. लोक तोंडाने ‘बँक’ म्हणतात, पण तिला कॉल बाजारात प्रवेश नाही आणि तिच्या ठेवीला विमाही नाही.

निपाणी_सभासद

मग माझ्या बँकेबद्दल काय धरू? ठेव काढू का?

ताळेबंद_वाचक

ठेव काढा असं या आकड्यांवरून मी सांगणार नाही. निव्वळ एनपीए २.९ आहे. रिझर्व्ह बँकेच्या सुधारात्मक कारवाईचा (कमकुवत बँकेवरच्या निर्बंधांचा) पहिला उंबरठा ६ टक्क्यांचा. नफा आहे. पाच लाखांपर्यंत विमा आहे. ठेव त्याहून जास्त असेल तर वरची रक्कम विभागून ठेवणं एरवीही बरंच.

पण वेगाचं लक्षण आहे. पुढच्या वर्षीही कर्जांची वाढ ठेवींच्या वाढीच्या साडेतीनपट राहिली, तर आता मोकळे धरलेले १८ कोटीही बांधले जातील आणि मग पायरी उरते ती विनातारण कॉलची. भांडवल पर्याप्तताही बघा. ठेवी १०० कोटींच्या वर आणि १,००० कोटींपर्यंत, म्हणजे तुमची बँक टियर-२. तिला ३१ मार्च २०२६ पर्यंत १२ टक्के गाठायचे होते. कर्जं फुगली की हे प्रमाण खाली येतं, भागभांडवल तेवढ्याच वेगाने वाढलं नाही तर.

माजी_ट्रेझरी

दंडाची टीपही वाचा. रिझर्व्ह बँकेने लावलेला दंड अहवालात दाखवावाच लागतो. सीआरआर कमी पडला तर पहिल्यांदा बँक दराच्या ३ टक्के वर व्याज लागतं, तूट चालूच राहिली तर ५ टक्के वर. वर्षभर ओव्हरड्राफ्ट चालू असूनही सीआरआरमध्ये तूट आलेली असेल, तर ट्रेझरी (रोख आणि रोख्यांचा रोजचा हिशेब) सांभाळणारं माणूसच नाही असं धरा. ही गोष्ट मला ९ कोटींपेक्षा जास्त खटकेल.

आणि रेपो व्यवहारांचा तक्ता असेल तर सोडू नका. त्यात वर्षातली किमान, कमाल आणि रोजची सरासरी शिल्लक छापावी लागते. ओव्हरड्राफ्टला असा तक्ता नसतो, म्हणून तर व्याजाला भागायची कसरत करावी लागली.

शहापूर_पेठ

सभेत उठून ‘बँक अडचणीत आहे का’ असं विचारू नका. उत्तर ‘नाही’ असंच येणार आणि बाहेर मात्र अफवा फुटणार. सभेआधी लेखी द्या आणि पोच घ्या. प्रश्न असे ठेवा की उत्तरात आकडाच द्यावा लागेल:

१. इतर बँकांतल्या ३४ कोटींच्या ठेवींपैकी ओव्हरड्राफ्टला किती आणि प्रायोजक बँकेला तारण किती?
२. वर्षातले किती दिवस ओव्हरड्राफ्ट शून्य होता?
३. मोठ्या वीस ठेवीदारांत पतसंस्था आणि सौहार्द संस्था मिळून रक्कम किती?
४. १५ फेब्रुवारीला उचल किती होती?

ऊस_पट्टा

चौथ्यात ३१ ऑगस्टचाही आकडा मागा. दोन्ही शेजारी ठेवले की हंगामाची उचल किती आणि कायमची किती, ते लगेच वेगळं होतं. फेब्रुवारीचा आकडा एक-दीड कोटी आणि ऑगस्टचा दहा-अकरा निघाला तर सरासरी सहा हंगामामुळेच, चालायचंच. दोन्हीकडे सहा-सहा निघाले, तर कर्जवाटप थोडं आवरा म्हणून संचालकांना सांगायला आकडा तुमच्या हातात आहे.